नमुन्यात न बसलेली आई

मत सर्वांनाच असतं. मत विचारलं जाण्याची पात्रता मात्र फार थोड्यांच्या अंगी असते. बाजार-सर्वेक्षणाचं शास्त्र या थोड्यांच्या शोधात असतं आणि बाकीच्यांचा वेळ न दवडता त्यांना आदरपूर्वक वगळतं.

केनियातल्या किसुमू शहराच्या मन्याट्टा वस्तीत राहणाऱ्या अपोंडीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. तिचा धाकटा, ओचोला, बालवाडीतली उजी, म्हणजे पिठाची पेज, पिऊन रोज ओकत होता. पीठ कडू झालं होतं. घरी दुसरं पीठ आणता येत होतं, पण बालवाडीला पीठ कंपनी फुकट देई, आणि फुकटाच्या पिठाला नाकं मुरडणं बाईंच्या हातात नव्हतं. "कंपनीलाच सांगा," त्या म्हणाल्या. कंपनीच्या फोनवर गाणं लागे.

म्हणून कंपनीच्या सर्वेक्षणाचा टॅब घेतलेला मुकोया गल्लीत आला तेव्हा अपोंडीला हायसं वाटलं. कंपनीचा प्रश्न सरळ होता: मन्याट्टातल्या आयांनी आमचं पीठ घेणं का सोडलं?

शेजारीण अविनो पहिली. पाहुण्याला चहा पाजून तिने तोंड उघडलं.

"ताई, गेल्या महिन्याभरात हे पीठ घेतलंत?"

"घेईन कशाला? कडू जहर आहे!"

"मग तुम्ही नमुन्यात बसत नाही. जे घेतात, त्यांनाच विचारायचंय."

"काय विचारायचंय? का सोडलं ते?"

"हो ना, ताई."

(यामागे विचार आहे. सोडून गेलेल्यांना राग असतो, आणि रागाने आकडेवारी गढूळ होते.)

कुडापलीकडून हे ऐकणारी अपोंडी धावत दुकानात गेली आणि त्याच पिठाचं पुडकं घेऊन आली. मुकोया दारात पोचला तेव्हा ती पात्र होती.

"घरात पीठ कुठलं आणायचं, हे कोण ठरवतं?"

गावाहून आलेले सासरे दारातच स्टुलावर बसले होते. सासऱ्यांसमोर जी बाई घासही घेत नाही, ती "मी" असं कसं म्हणणार?

"आमचे मालक," अपोंडी म्हणाली, आणि टॅबने तिचे आभार मानले.

"अरे, तसं म्हणायचं असतं! पीठ मीच आणते!"

"उत्तर बदलता येत नाही, आई. मालकांना बोलवा."

मालक, म्हणजे ओकेयो, आले. त्यांना पीठ कुठल्या डब्यात असतं हेही माहीत नव्हतं, पण ती अडचण नव्हती. अडचण अशी की ते दुकानांच्या भिंती कंपन्यांच्या रंगांत रंगवत. जाहिरात व्यवसाय. बाद.

"मला विचार की, बाळा," सासरे म्हणाले.

"आजोबा, वयोगट पंचावन्नपर्यंतच आहे."

"मग मी काय, मेलो?"

"तसं नाही, आजोबा. तुमच्यासाठी रकाना नाही."

अपोंडीने मुकोयाचा दंड धरला. "पोर रोज ओकतंय रे! एवढं तरी लिही."

"ऐकतोय ना, आई," तो खरोखर कळवळून म्हणाला, "पण तुम्ही बाद झालात, की लिहायची जागाच बंद होते."

संध्याकाळपर्यंत गल्लीतली अठ्ठ्याण्णव टक्के घरं अशीच सन्मानाने गळली. शास्त्रशुद्ध गाळणीतून शेवटी एक नमुना खाली उतरला: ओडेक. अविवाहित, वय योग्य, निर्णय स्वतःचे, जाहिरातवाला नातेवाईक नाही. पीठ स्वस्त झाल्यापासून पोत्याने घेणारा.

"घरात सगळ्यांना आवडतं?"

"तक्रार नाही कुणाची," ओडेक म्हणाला. "अंडीही रोज घालतात." (अंड्यांचा रकाना नसल्याने तेवढं वगळलं.)

अहवालात समाधान शंभर टक्के आलं. म्हणजे दोष पिठात नव्हता. आयांनाच सवय राहिली नव्हती. सवय लहानपणी लावावी, असं तज्ज्ञांनी सुचवलं, आणि मन्याट्टाच्या बालवाडीत पेज सकाळ-दुपार सुरू झाली. अपोंडीचं मासळीचं दुकान बालवाडीच्या वेळेवर चालतं; पोराला घरी ठेवणं परवडत नाही. ती ओचोलाला सोबत जादा सदरा देते.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. तुमचंही मत नोंदवायला हवं. त्याआधी एकच प्रश्न: तुमचं मूल शाळेत जे खातं, ते तुम्ही कधी चाखून पाहिलंय?

नाही?

मग या, बसा. आम्ही तुम्हालाच शोधत होतो.