दामू आबांचं ‘पन समजा’ आणि गुलमर्गचा बर्फ

असोद्याचे दामू आबा रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला ब्रेक दाबून दाखवायला लावतात. रिक्षावाला चिडून निघून जातो, आबा दुसऱ्याला हात करतात. जळगावच्या स्टँडवर आता आबा दिसले की रिक्षावाले आभाळाकडे बघायला लागतात.

आबा माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांचा ‘पोरा’. जळगावात माझं सहलींचं छोटं ऑफिस आहे. आबांच्या केळीच्या बागा मोठ्या, घर त्याहून मोठं, आणि त्यात माणसं दोनच: आबा आणि यमुनाअक्का. मुलगा कॅनडात. एकदा वादळात उभी बाग आडवी झालेली आबांनी पाहिली, तेव्हापासून त्यांचं प्रत्येक बोलणं ‘पन समजा’ने सुरू होतं. केळीचा हवामान विमा ते न चुकता काढतात.

गेल्या हिवाळ्यात मुलाने कॅनडातल्या बर्फाचे व्हिडिओ पाठवले. या म्हणून काही तो म्हणाला नाही. पण अक्कांनी बर्फ बघायचा हट्टच धरला. माझी गुलमर्गची सहल निघतच होती. आबा ऑफिसात आले आणि प्रवास विम्याची चौकशी सुरू झाली.

“पन समजा, बरफच पडला नही ते?”

“त्याचं या पॉलिसीत काही मिळत नाही, आबा.”

“पन समजा, लय पडला ते?”

“विमान रद्द झालं तर जादा मुक्कामाचा खर्च मिळतो.”

“म्हंजे कमी पडला ते आपलं नुकसान, जास्ती पडला ते कंपनीचं.” आबांना हे पटलं.

मग मी विचारलं, “स्कीइंगचं जादा कव्हर घ्यायचं का? पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात ना, ते. साध्या पॉलिसीत येत नाही.”

“आमी काय सर्कशीत चाललो?” आबा म्हणाले. तेवढं सोडून त्यांनी बाकी सगळं घेतलं.

गुलमर्गला पहिल्या सकाळी लख्ख ऊन होतं, त्यामुळे आबा जास्तच घाबरलेले. “इतकं साफ आभाय बरं नसते,” ते मला सारखं सांगत होते. तेवढ्यात अक्कांनी त्यांच्याच वयाच्या एका बाईंना उतारावरून घसरत येताना पाहिलं.

“मी बी जाते,” अक्का म्हणाल्या. लुगडं खोचून वरून भाड्याची फुगीर पँट चढवली आणि शिकवणाऱ्या माणसाबरोबर त्या निघाल्यासुद्धा.

आबांनी मला बाजूला ओढलं. “पोरा, ते जादावालं आता काढ.”

“प्रवास सुरू झाल्यावर मिळत नाही, आबा.”

“पन समजा, हाड मोडलं?”

“शिकवणारा सोबत आहे ना.”

“त्याले काय! त्याची बायको थोडीच हाये ती?”

दुपारी ढग एकदम खाली उतरले. वारा सुटला, बर्फ आडवा यायला लागला. रोपवे बंद झाला. आमची माणसं एकेक करून हॉटेलात परतली. अक्का तेवढ्या आल्या नाहीत. शिकवणाऱ्याचा फोन लागेना. मला वाटलं, आता आबा प्रश्नांनी मला सोलून काढणार. पण ते हातमोजेही न घालता दार ढकलून बाहेर पडले. मी मागे धावलो.

समोरचं काही दिसत नव्हतं. “यमुने! ए यमुने!” आबा ओरडत होते. एरवी त्यांची हाक म्हणजे नुसतं ‘अवं’. अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

उताराच्या खालच्या टोकाला अक्का बर्फात बसून हसत होत्या. शिकवणारा त्यांच्या बुटाशी झटत होता. पट्टीतून बूट निघत नव्हता, एवढंच झालं होतं. आबांनी त्याला बाजूला केलं, गुडघ्यांवर बसले आणि उघड्या हातांनी खटक्यातला बर्फ उकरला. बूट सुटला. तो काढून त्यांनी अक्कांचं गारठलेलं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि चोळायला लागले.

“अवो, पोरगं पाहू राह्यलं,” अक्का पुटपुटल्या.

“पाहू दे.” आबांचा आवाज फाटला होता. “तू नही राह्यली ते तेवढ्या घरात मी कोनासंगं बोलू?”

अक्कांचं हसू थांबलं. मी उगाच दुसरीकडे बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बर्फ थांबला, पण खाली जाणारा रस्ता बंद होता आणि श्रीनगरची विमानं रद्द. सगळे माझ्यावर तुटून पडले. कुणाला कामावर हजर व्हायचं होतं, कुणाच्या गोळ्या संपल्या होत्या. विमा कंपनीला फोन लावून लावून माझा कान तापला. एवढ्या गोंधळात आबांनी मला काहीच कसं विचारलं नाही, म्हणून त्यांना शोधत मी बाहेर आलो.

मुलं खेळतात त्या छोट्या उतारावर अक्का पट्ट्या बांधून उभ्या होत्या. आबांनी त्यांचे दोन्ही हात धरले होते आणि ते स्वतः उलटं चालत, एकेक पाऊल चाचपत खाली येत होते.

“सोडा आता,” अक्का म्हणाल्या.

“सोडतो ना,” आबा म्हणाले, आणि तसेच धरून राहिले.