तात्यांचा अंगठा

बारावीचा निकाल लागला की आमच्या आळीतली मुले कॉलर वर करून फिरत. ती ऐट नव्हती. तात्यांपासून संरक्षण होते.

तात्या लासलगावच्या बाजारात एका व्यापाऱ्यासाठी कांदा पारखत. कांद्याची मान अंगठ्याने दाबायची आणि तो साठवणीच्या चाळीत किती टिकेल ते सांगायचे. हाच न्याय ते मुलांच्या मानेलाही लावत. सुकलेली, बारीक मान म्हणजे उन्हाळ कांदा: "टिकतोय. कॉलेजच्या चाळीत ठेवा." कोवळी म्हणजे पोळ: "ठेवला का कोंब फुटंल. लगेच कामाला लावा." आणि जाड मान असली तर: "ह्यो चाळीत सडंल अन् शेजारच्यालाबी सडवंल. पलटणीत धाडा."

आया हसत, बाप मात्र ऐकत. माझ्या वडिलांनी मला सातपूरच्या कारखान्यात चिकटवायचे ठरवले होते. तात्यांनी माझी मान दाबली. "अस्सल उन्हाळ हाय, अण्णा. चार-पाच वर्षं हलवू नका." कॉलेज मला त्या अंगठ्याने मिळवून दिले.

त्यांचा दिलीप माझ्याच वर्गात होता. घरात बापलेक दोघेच. दिलीपची मान मात्र तात्यांनी कधी पाहिली नाही. "घरच्या मालाचा भाव घरच्यानं करू नाय," म्हणत.

दिलीप परस्पर सैन्यभरतीला गेला आणि निवडला गेला. निघायच्या आदल्या सायंकाळी मला म्हणाला, "माझी जीभ रेटत नाय. तू सांग त्यांना. म्हणजे उद्या बाजारला जायचे नाहीत, स्टेशनवर येतील."

त्याच सायंकाळी कॉलेजच्या यादीत माझे नाव लागले. मी आळीभर पेढे वाटले. एक तात्यांच्या हातावरही ठेवला. निरोप विसरलो, असे मी पुढे सर्वांना सांगत आलो. ते खरे नाही. आठवण झाली होती. पण चाललेले कौतुक थांबवणे जिवावर आले. पहाटे उठून सांगू म्हटले, आणि झोपून राहिलो.

पहाटे तात्या लासलगावला गेले. दुपारी दिलीपची गाडी सुटली.

संध्याकाळी मी शिव्या खायच्या तयारीने त्यांच्यापुढे उभा राहिलो. "पेढा देताना तरी बोलायचं व्हतं रं," एवढेच ते म्हणाले.

वर्षभराने दिलीप रजेवर आला. बूटही न काढता त्याने दारातच मान वाकवली. तात्यांनी अंगठा टेकवला.

"काय तात्या, पोळ का उन्हाळ?" दारात जमलेल्या आळीतून कोणीतरी विचारले.

अंगठा दाबत नव्हता. नुसता फिरत होता, बराच वेळ.

मी मागे उभा होतो. हात आपोआप कॉलरकडे गेला, आणि मी ती वर केली.