नसलेला रोल संपेपर्यंत

मीनाच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे मामा ऐन जेवायच्या वेळेला रुसले आणि फाटकाबाहेर क्रूझरमध्ये, ड्रायव्हर संपतच्या शेजारी जाऊन बसले. पुंजाराममामा वडीगोद्रीहून केदारखेड्याला आले होते तेच मुळी मानासाठी. त्यांचं म्हणणं एवढंच की सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळाली, आपल्याला नाही. मामा जेवेनात म्हणून पाहुणेही जेवेनात. नवऱ्या मुलाचा बाप तर येऊन सांगून गेला की मामा नाराज असताना आमच्यात सोयरीक होत नसते.

मीनाच्या वडलांना, कचरूभाऊंना, घाम फुटला. मामांना आपल्या हातानं टोपी चढवली असं ते शपथेवर सांगत होते. खरं म्हणजे त्या दिवशी ड्रायव्हरपासून व्याह्यापर्यंत सगळे पांढऱ्या सदऱ्यात होते आणि कुंकू लावायची एकच घाई उडाली होती. कोणाला काय दिलं हे त्यांना आता नीट आठवत नव्हतं, पण शपथ घेऊन झाली होती.

"फोटो बघा की," मीनाची आजी तुळजाबाई म्हणाल्या. "बबल्यानं काढलाय ना."

खरी अडचण तिथंच होती. मीनाचा भाऊ बबलू पुण्याला नोकरीला. त्यानं नवा कॅमेरा घेतला होता, पण दिसायला तो आजोबांच्या काळातला. चामड्याचं कव्हर, वर फिरवायच्या चकत्या, फोटो काढला की अंगठ्यानं ओढायची दांडी आणि एक डोळा मिटून बघायची वरच्या कोपऱ्यातली इवलीशी काच. आत मात्र सगळं डिजिटल. हा गळ्यात घातला की आपण कलावंत दिसतो असं बबलूचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. या कॅमेऱ्याच्या भरवशावर त्यानं आधी ठरलेल्या फोटोग्राफरला येऊ नको म्हणून कळवलं होतं. वर जुन्या काळची मजा यावी म्हणून कॅमेऱ्यातली एक खास सोय चालू केली होती: ठरावीक फोटोंचा मानलेला रोल संपेपर्यंत काढलेला एकही फोटो दिसत नाही.

"दाखव फोटो," कचरूभाऊ म्हणाले.

"रोल संपल्याबिगर दिसत न्हाई, बाबा."

"मंग काढ रोल बाहेर."

"रोल न्हाईच त्यात."

कचरूभाऊंनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. "जो न्हाईच, तो संपणार कसा?"

"फोटो काढून काढून."

ही सोय मध्येच बंद केली तर काढलेले फोटो राहतात की जातात, हे बबलूला माहीत नव्हतं. तो घाबरून दिसेल त्याचे फोटो काढत सुटला, तर तुळजाबाईंनी त्याचा हात धरला. उभ्या जन्मात त्यांनी रोल वाया जाऊ दिला नव्हता. प्रत्येक फोटोत माणूस पाहिजे आणि तो विंचरलेला पाहिजे, असा त्यांचा हुकूम सुटला. बायका पदर नीट करायला आत गेल्या त्या बाहेर येईनात. वरण गार झालं. इकडे आत फोटो चाललेत ही खबर मामांना लागली. आपल्याविरुद्ध पुरावा तयार होतोय या संशयानं ते सुटलेलं पोट सावरत गाडीतून उतरून थेट मांडवात आले आणि जे काय काढायचं ते माझ्या डोळ्यांदेखत काढा म्हणाले. मग आचाऱ्याचा फोटो निघाला, बुंदीच्या पातेल्याचा निघाला, पातेल्याकडे बघणाऱ्या शेळीचाही निघाला. शेवटचा उरला तेव्हा तुळजाबाईंनी तोडगा काढला की मामांना आता टॉवेल-टोपी द्या आणि तोच काढा.

"हा मान मी धरणार न्हाई," मामा डोकं पुढं करत म्हणाले. "हे फकस्त रोलापुरतं."

रोल संपला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर फोटो दिसू लागले आणि अख्खा मांडव त्यावर वाकला. वरच्या काचेतून दिसतं एक आणि कॅमेरा टिपतो त्याच्या चार बोटं खालचं, हे बबलूला त्या क्षणी कळलं. जवळून काढलेल्या एकाही फोटोत एकाही माणसाला डोकं नव्हतं. शेळी तेवढी पूर्ण आली होती.

सकाळचा टोपीचा फोटो सापडला. कचरूभाऊंचे वर गेलेले हात, समोर कोणाच्या तरी खांद्यावर टॉवेल, पांढरा सदरा, सपाट पोट आणि मनगटात स्टीलचं कडं. ते कडं पाहून कचरूभाऊंनी फाटकाकडे चोरून बघितलं. ते त्यांनी सकाळी क्रूझरच्या स्टिअरिंगवरच्या हातात पाहिलं होतं.

"हा मी?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच," कचरूभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे.

मामांनी कॅमेरा जवळ धरला, लांब धरला. कड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर पोटावर खिळली होती.

"पोट लई कमी दिसून राह्यलं," ते हळूच म्हणाले.

"कॅमेरा भारी हाय, मामा," बबलू म्हणाला आणि शेवटचा फोटो दिसायच्या आत त्यानं तो बंद करून टाकला.

"बराबर. मंग मीच इसरलो असंल. वाढा पानं."

परतीच्या वाटेवर मामांनी मोबाईलवर मागवून घेतलेला तो फोटो संपतला दाखवला. संपतनं आपला सदरा ओळखला आणि कडं बाहीत सारलं. सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या त्या भल्या माणसानं आपल्याला कुंकू लावून टॉवेल-टोपी का दिली, हे कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं. मामा कशापायी रुसलेत ते कळल्यावर त्यानं ती घाईघाईनं सीटखाली कोंबली होती.

"बेस आलाय, मामा. वळखू येऊन राह्यले तुम्ही," तो म्हणाला आणि टाचेनं टोपी आणखी आत सरकवली.