पारा स्थिर होईपर्यंत

शासनाचं प्रत्येक धोरण विज्ञानाच्या भक्कम पायावर उभं असतं. आमच्या धरमपेठेतल्या बागेचं धोरण एका लोखंडी स्टुलावर उभं होतं आणि त्याचा एक पाय आखूड होता. स्टूल बारापात्रे सरांचं.

सर माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी घरी आणून आधी मोजली, मग कपाटात ठेवली. जगातल्या कोणत्याही विधानावर त्यांचा एकच प्रश्न असतो. भाजीवाली म्हणाली, पालक ताजा आहे. "कायनं मोजलं वं?" मी म्हणालो, सर, आज फार उकडतंय. "कायनं मोजलं गा?" माझ्याकडे मोजायला काही नव्हतं, त्यामुळे मला उकडत नाही असं ठरलं.

गेल्या उन्हाळ्यात उष्माघात टाळण्याची एक गुळगुळीत सरकारी पुस्तिका घरोघरी आली. नागरिकांनी दुपारी सावलीत थांबावं, असं तिच्यात लिहिलं होतं. सर पुस्तिका घेऊन भर दुपारी बागेकडे निघाले. आयता साक्षीदार म्हणून मला घेतलं.

गेटला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'उद्यान दुपारी ११ ते ४ बंद राहील.' आत कडुनिंबांची गर्द सावली. बाहेर रस्त्यावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, नामदेव नावाचा साठीचा चौकीदार. सावलीत कोणी जाऊ नये म्हणून त्याला उन्हात उभं केलं होतं.

"बाग दुपारची काहून बंद?" सरांनी विचारलं.

"ऊन लय असते ना सर."

"मग तू बाहेर काहून?"

"ड्यूटी गेटच्या बाहेरची आहे. आत बसलेला दिसलो तर मेमो भेटते."

यावर सरांनी काहीच विचारलं नाही. मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागांच्या कार्यालयात. तिथल्या साहेबांनी पुस्तिका चाळली, कागदाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "धोरण तापमानावर ठरतं सर, आणि अधिकृत तापमान विमानतळावरचं धरतात."

"मग लोकायले दुपारी विमानतळावर नेऊन बसवा," सर म्हणाले.

गेटच्या आत आणि बाहेर तापमान मोजण्याची परवानगी त्यांनी तिथंच लेखी मागितली. कारकुनानं अर्ज न वाचता आवक शिक्का मारला. अर्ज पोचल्याची ती खूण. पण गोल शिक्का बघून नामदेवनं ती परवानगीच मानली, आणि सरांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. एरवी मीटर आणि सेंटिमीटरमधला गैरसमजही ते खपवून घेत नाहीत.

प्रयोग सुरू झाला. एक थर्मामीटर बाहेर, स्टुलावरच्या पांढऱ्या पेटीत. दुसरा आत, कडुनिंबाला टांगलेला. बाहेरचा सर वाचायचे, आतला नामदेव. तो आत जाऊन कुलूप लावायचा आणि ओरडायचा, "बेचाळीस आणि दोन लहान रेघा, सर." सरांची सूचना कडक होती: आत गेल्यावर वीस मिनिटं झाडाखाली शांत बसायचं, पारा स्थिर होऊ द्यायचा, मगच वाचायचं. सुरुवातीला दिवसाला एकच नोंद होती. मग दर तासाला झाली. मग दर अर्ध्या तासाला.

सरांनी अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकात आत-बाहेरचा फरक आणि शेवटी 'प्रत्यक्ष पाहणीस दुपारी अडीच वाजता यावे.' अकराव्या पत्राला कंटाळून साहेब आले. गेटसमोर सावली नव्हती म्हणून गाडी लांब लावली होती. ते गेटपर्यंत चालत आले तेव्हा नामदेव नुकताच आत गेला होता.

"गेट उघड रे," साहेब म्हणाले.

"साहेब, वीस मिनिटं नाही झाले. पारा अजून स्थिर होऊन राहिला."

"अरे, मी ओळखीचा आहे ना तुझ्या?"

"हो ना साहेब. पण हे शास्त्राचं काम आहे."

साहेबांनी रुमाल डोक्यावर घेतला, मग फाइल घेतली. सरांनी वाकून स्टुलावरचं तापमान मोठ्यानं वाचून दाखवलं. थोड्या वेळानं पुन्हा दाखवलं. साहेबांनी 'कायनं मोजलं' असं विचारलं नाही.

आठवड्यात आदेश निघाला. 'शास्त्रीय निरीक्षणांच्या आधारे' बाग दुपारी खुली राहील आणि चौकीदार आत बसेल.

त्या संध्याकाळी मी सरांकडे चहाला गेलो. अडीचची नोंद नसल्यानं दुपार फार लांबली, असं ते म्हणाले. कायनं मोजलं, असं विचारायचा मोह मी आवरला. दुसरंच विचारलं.

"सर, पारा स्थिर व्हायला खरंच वीस मिनिटं लागतात?"

सरांनी कप खाली ठेवला.

"पाऱ्याले चार पुरतात," ते म्हणाले. "सोळा नामदेवचे."

आता बाग दुपारभर उघडी असते. सर रोज अडीचला तिथं जातात, थर्मामीटर न घेता. स्टूल कडुनिंबाखाली गेलंय आणि नामदेव त्यावर बसून पेंगतो. ते डुगडुगत नाही. आखूड पायाखाली सरकारी पुस्तिका चार घड्या घालून ठेवलेली आहे.