तात्यांचा गप बसण्याचा अभ्यास

“चारशे वीस एकवार! चारशे वीस दोनवार! शेठ, झोपलात का? बोला की!”

ही आरोळी पेरूच्या लिलावात उठली असती तर कुणी मान वळवली नसती. ती उठली नगरजवळच्या एका मौन शिबिरात, चौथ्या दिवशी, दीडशे माणसं डोळे मिटून बसलेली असताना. घडलं एवढंच, की पुढच्या रांगेतले एक निवृत्त तहसीलदार खोकले. किसनतात्यांनी पस्तीस वर्षं राहात्याच्या बाजारात लिलाव पुकारलेला. त्यांच्या कानाला खोकला म्हणजे बोली. दीडशे समाध्या एका दणक्यात खाली आल्या. आवारातले कावळे उडाले ते बेलापूरला जाऊन टेकले, असं मला खुद्द बेलापूरच्या माणसानं सांगितलंय.

तात्या माझे शेजारी. आवाज असा, की एकदा त्यांनी रस्त्यापलीकडच्या टपरीला ‘दोन चहा’ म्हटलं, तर पुढच्या गावातही दोन चहा तयार झाले. अशा माणसानं म्हातारपणी काय धरावं? जगातल्या सगळ्या धर्मांचा गप बसण्याचा अभ्यास!

पद्धत मात्र बाजारातलीच. शेतकरी चांगली फळं वर रचतो हे ठाऊक असल्यानं तात्या पेरूचं कॅरेट सरळ उलटं करायचे. साधुसंतांनाही तोच नियम. “वरचा थर राहू द्या म्हाराज, तळाचं दावा!” सण, उपास, कपडे, झेंडे हा सगळा वरचा थर. माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि नाही म्हणायची सवय नाही, त्यामुळे मीही या अभ्यासात ओढला गेलो.

दर्ग्यातल्या खादिमांनी उरुसाचं सांगायला घेतलं. “त्यो वरचा थर,” तात्या म्हणाले. मग खादिमांनी आवाज उतरवला. नामस्मरण आधी जिभेवर असतं, मग काळजात उतरतं, मग जिभेची गरज उरत नाही. चर्चमधले म्हातारे फादर म्हणाले, प्रार्थनेतले शब्द एकेक करून गळतात आणि शेवटी नुसता श्वास प्रार्थना करतो. नाथांच्या मठातल्या गोसावीबुवांनी कानात बोटं घालून दाखवली. आत एक नाद चालू आहे म्हणे, कुणी न वाजवता.

परतताना तात्या मागच्या सीटवरून माझ्या कानात गर्जायचे, “माल येकच हाय गड्या, कॅरेट येगळी!”

फक्त बुद्धविहारातल्या भंतेजींनी त्यांना हादरवलं. “आरं, त्यांचं कॅरेट उलटं केलं तर तळच न्हाई!” त्या रात्री तात्या जेवले नाहीत. अभ्यासाच्या वहीत भंतेजींना वेगळं पान द्यावं लागलं.

निघताना एक प्रश्न मात्र ते सगळीकडे विचारायचे. “आत गेलेल्या मानसाला भायेरचं ऐकू येतं का?” यावर जगातल्या सगळ्या धर्मांचं एकमत होतं. सगळे नुसते हसायचे.

मी हसत नसे. दीड वर्षापूर्वी तात्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. बोलणं नाही, खूण नाही. ऐकू येतं का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. घरात शांतता ठेवा, एवढं ते म्हणाले. त्या दिवसापासून हा माणूस स्वतःच्या घरात चवड्यांवर चालतो. अंघोळ करताना तांब्या बादलीला लागू देत नाही.

तर शिबिरातून आमची हकालपट्टी झाली. माझीही, साथीदार म्हणून. आमचे मोबाईल परत द्यायला आचार्य स्वतः फाटकाशी आले. तात्यांनी मान खाली घालून माफी मागितली आणि जाता जाता तोच प्रश्न विचारला.

आचार्य हसले नाहीत. ते अजून कान चोळत होते.

“बाकीच्यांचं माहीत नाही,” ते म्हणाले. “तुमचं आलं. आणि मी फार आत होतो.”

राहात्यापर्यंत तात्या एक शब्द बोलले नाहीत. राहुरीला मी वळून पाहिलं, पडले की काय म्हणून.

घरी पोहोचताच त्यांनी चपला काढल्या, काकूंच्या खाटेशी उभे राहिले आणि ठेवणीतला, लिलावाचा आवाज काढला. “सुमन!” फळीवरची भांडी थरथरली. मग त्याच पट्टीत तहसीलदारांचा खोकला, फादर, खादिम, गोसावी, तळ नसलेलं कॅरेट, दीड वर्षाचं सगळं त्यांनी तिला ऐकवलं. निम्मी आळी दारात जमली. मी ओट्यावर बसून राहिलो.

अर्ध्या तासानं तात्यांची सून मेथीची जुडी घेऊन बाहेर आली आणि निवडायला बसली. आत तात्या चालूच होते.

“काकू काही बोलल्या का गं?” मी विचारलं.

“न्हाई भावजी,” ती म्हणाली. “चांगल्या हातानं उशी वढली आन् कानावर घेतली.”