बसल्या जागी चालणारे गणूकाका

आमच्या कामतघरच्या चाळीत गणूकाका भिंतीला पाठ लावून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती मनगट देतात. "बघ गो, चाललोय का न्हाय?"

मी एकदा बघितलं आणि पस्तावले. माणूस मांडी घालून ढिम्म, आणि नाडी अशी पळतेय, जणू आत दुसराच कुणी लगबगीनं निघालाय. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. तेवढ्यात वीज गेली, लूम थांबले, आणि माझ्या बोटांखालची नाडीही हळूहळू मंदावली. मी हात सोडून घरी पळाले बाई!

काकांच्या काळजात पेसमेकर बसवलाय. कॅप्सूलएवढा, वायरबियर काही नाही. शरीर हललं की त्याला कळतं. चाललात तर तो ठोके वाढवतो, बसलात की कमी करतो. आता लूमनं भिंत हादरते, भिंतीनं काका हादरतात, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, म्हातारा फिरायला निघाला.

"चला, पडघ्याला जाऊन आलो," उठताना काका म्हणायचे.

"मग येताना भाजी का न्हाय आणली?" आतून काकी.

एकदा मोरीत नाग निघाला. आम्ही किंचाळतोय, काकी पलंगावर चढलेल्या, आणि काका खुर्चीत, बोट मनगटावर. "वाढतच न्हाय गो," ते पुटपुटले. चेहरा पांढराफटक. नागाला नव्हे, ते आपल्याच शांत ठोक्यांना घाबरले होते. त्या यंत्राला चालणं कळतं, भीती कळत नाही. तेव्हापासून त्यांना एकच घोर. काकींकडे बघून म्हणायचे, "उद्या हिच्यासाठी जीव तुटला, तर याला कोन सांगनार?"

मागच्या उन्हाळ्यात काकी गेल्या. दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. कारखान्यानं काकींच्या मानाखातर लूम बंद ठेवले. भिंत गप्प झाली. काका उशाशी बसले, डोळे कोरडे, बोट मनगटावर. बायका कुजबुजल्या, "दगड हाय नुसता."

उचलायची वेळ आली तसे काका ताडकन उठले आणि गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. भराभर, धापा टाकत. काकींचा भाऊ ओरडला, "दाजी, वेड लागलं का? ती वाट बघत्ये!"

काका घामाघूम होऊन आत आले. खाली बसले. काकींचा थंड हात उचलून त्यांनी आपल्या छातीवर दाबून धरला.

"बघ गो," ते म्हणाले, "किती धावतंय तुझ्यापायी."