दोन बादल्या जास्त

वालूरजवळच्या शाळेतली परसबाग राजेश्री मॅडमनी मुलांना नेतृत्व आणि सेवा शिकवण्यासाठी सुरू केली. सातवीतल्या दैवशालाला त्यांनी बागेची मॉनिटर केलं. पाणी फक्त सोमवारी आणि गुरुवारी. नियम एकच: सेवा करायची, पण बोलून दाखवायची नाही.

दैवशालाचे आजोबा उमाजी दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, जात. यंदा नातीलाही न्यायचं ठरलं होतं. "मानिटर झालीस म्हनं. बाग उभी ऱ्हायली तर ऱ्हा आजीपाशी. न्हाईतर चल मेंढरामागं," ते म्हणाले होते.

पंधरा दिवसांत बागेतली वांग्याची रोपं पिवळी पडली. पाणी कमी पडत असेल म्हणून दैवशाला गुपचूप रोज एक बादली घालू लागली. वांग्यांनी माना टाकल्या.

उमाजी निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी एक रोप उपटलं. मुळं काळी, खाली चिखल. काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नाही.

"कोण घालतं जास्तीचं पाणी?"

नियमामुळे कुणी बोलेना. शेवटी दैवशालाने हात वर केला. तिच्यामागे बारा हात वर झाले. खिचडीवाल्या कमलबाईंनी झारा वर केला. मुख्याध्यापक दत्तराव घसा खाकरून म्हणाले, "मी पण. सकाळी लवकर येऊन."

प्रत्येकाची एक, अशा पंधरा बादल्या झाल्या. मॅडमनी वही उघडली. पाण्याचा वार नसला तरी टाकी रोज सतरा बादल्यांनी उतरत होती. ती गळते असंच त्यांना आजवर वाटत होतं.

दोन-चार रोपांची मुळं अजून पांढरी होती. माती सुकली तर ती जगणार होती.

संध्याकाळी उमाजी फाटकातून आत आले. "गेली का गं बाग?"

दैवशाला वाफ्याकडे बघत होती. चिखलात टायरच्या वहाणेचा ठसा होता. शाळेत तसली वहाण कुणाचीच नव्हती.

"आबा, तुमी बी?"

उमाजी मुंडासं सारखं करत राहिले. "मेंढरं वळवून आनताना. दोनच घालायलो."

"आठ दिवस कुनीच पानी घालायचं न्हाई," दैवशाला म्हणाली. "तुमी बी न्हाई."

उमाजींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम वहीत बघत राहिल्या.

"मी तर उद्या जायलोय. हितं ध्यान कोन ठेवनार?"

"मी."

"मंग ऱ्हा," उमाजी म्हणाले, आणि जाता जाता त्यांनी टाकीजवळची बादली उपडी घातली.